कंटाळवाणा किनारा हवा

मोठ्यांना आवडणारा समुद्रकिनारा आणि दीड-दोन वर्षांच्या मुलाला मानवणारा समुद्रकिनारा सहसा एक नसतो. मोठ्यांना उसळणाऱ्या लाटा हव्या असतात, फेसाने धुतले जाणारे काळे खडक हवे असतात, माणसांची वर्दळ नसलेली लांबलचक पुळण हवी असते. फोटो अशाच जागांचे छान येतात आणि सहलीचे बेत फोटो बघून ठरतात. मुलाची मागणी मात्र फार साधी असते. पाय रुतणार नाहीत अशी ओली वाळू, तिच्यावर दोन-चार बोटं पाणी आणि ते पाणी येत-जात राहणं. एवढं मिळालं की ते तासभर बादली भरतं आणि ओततं, भरतं आणि ओततं. तेव्हा शोधायचा तो असा किनारा, जिथे सोबतच्या मोठ्या माणसाला अर्ध्या तासात कंटाळा येईल.

तो पारखताना आधी स्वतःची उंची विसरावी लागते. दोन वर्षांचं मूल साधारण ८५ सेंटिमीटर उंच असतं आणि त्याचा गुडघा जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असतो. आपल्या निम्म्या पोटरीपर्यंत आलेलं पाणी म्हणजे त्याचे गुडघे बुडाले. आपल्या गुडघ्याइतकं पाणी म्हणजे त्याचं पोट पाण्यात गेलं, आणि वरून एखादी किरकोळ लाट आली की तोंडही. या वयात डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, त्यामुळे तोल पुढे जातो. पाण्यात पालथं पडलेलं मूल हात टेकून मान वर काढेलच असं नाही. बुडायला पाच-सात सेंटिमीटर पाणीही पुरतं. बुडणारं मूल ओरडत नाही, पाण्यावर फारसे हातही आपटत नाही. श्वासच घेता येत नसतो, तर हाक कुठून मारणार? जगभरात बुडून मृत्यू येण्याचं प्रमाण १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये सर्वांत जास्त आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घाबरवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. किनारा निवडताना सौंदर्याच्या आधी सेंटिमीटर का मोजायचे, एवढंच त्यातून कळावं.

सगळ्यात आधी उतार बघायचा. पुळण जितकी सपाट, तितकं मुलाच्या वाट्याचं उथळ पाणी जास्त. ५० मीटर आत गेल्यावर जिथे पाणी एक मीटर खोल होतं तो किनारा सौम्य, आणि १० मीटरांतच तेवढं खोल होतं तो तीव्र उताराचा. प्रत्यक्ष जागेवर याची चाचणी सोपी आहे. मुलाला दुसऱ्या कुणाकडे देऊन एका मोठ्या माणसाने पाण्याच्या कडेपासून सरळ आत दहा मोठी पावलं टाकायची. हे अंतर साधारण सात मीटर भरतं. लाटा येत-जात असताना पाणी सरासरी घोट्याच्या जरा वर राहिलं, तर जागा चांगली. मांडीला लागलं, तर तिथे खेळ मांडू नये, शेजारी कितीही कुटुंबं बसलेली असोत.

उताराचा अंदाज वाळूवरूनही येतो. पिठासारखी बारीक वाळू असेल तर पुळण बहुधा सपाट असते. जाड, खडबडीत वाळू किंवा गोटे असतील तर उतार तीव्र असतो. कारण असं, की लाट वर चढते तेव्हा वाळू सोबत आणते. जाड वाळूत ते पाणी झिरपून जातं, परतणारं पाणी कमी उरतं, आणि आलेली वाळू वरच साचत जाते. बारीक वाळूत पाणी फारसं मुरत नाही, ते परतताना वाळूही मागे ओढून नेतं आणि किनारा पसरट राहतो. बारीक ओली वाळू चालायला घट्ट असते, तिच्यावर बाबागाडीसुद्धा चालते, आणि तिचे किल्ले टिकतात. जाड वाळूत मूल प्रत्येक पावलाला धडपडतं आणि दहा मिनिटांत कडेवर घेण्याचा हट्ट धरतं.

तीव्र उताराचा खरा धोका खोलीपेक्षा लाटेत आहे. सपाट पुळणीवर लाट दूरवर फुटते आणि कडेपर्यंत येता येता तिचा नुसता फेसाळ पापुद्रा उरतो. उतार तीव्र असेल तर ती अगदी कडेला येऊन एकदम आपटते आणि तितक्याच जोरात मागे ओढते. ही परतीची ओढ मुलांना पाडते. पाणी अवघं वीतभर असतं, पण ते पायाखालची वाळू काढून नेत असतं. किनाऱ्याला खालच्या अंगाला वाळूची पायरी तयार झालेली दिसली, किंवा लाट फुटताना धप्प असा आवाज कानावर आला, तर तिथे न उतरता पुढे जावं.

घरबसल्याही यातलं बरंच कळतं. नकाशाच्या अॅपमध्ये उपग्रहाचं चित्र उघडून किनारा मोठा करून बघा. किनाऱ्याला समांतर फेसाच्या तीन-चार पांढऱ्या रेघा एकामागे एक दिसल्या, तर लाटा दूरपासून फुटत येताहेत, म्हणजे उतार सौम्य आहे. कडेला चिकटून एकच जाड पांढरी रेघ आणि तिच्या मागे लगेच गडद पाणी असेल, तर उतार तीव्र. चित्र काढलं तेव्हा समुद्र अगदी शांत असेल तर रेघाच दिसत नाहीत, मग दुसऱ्या तारखेचं चित्र शोधावं. त्याच नकाशावर नदी-नाल्याची मुखं, खडक आणि गाड्या लावायची जागा दिसते, आणि गाडीपासून पाण्यापर्यंतचं अंतरही मोजता येतं. लोकांनी टाकलेले फोटो बघताना सूर्यास्ताचे सोडून द्यावेत आणि भर दुपारी, गर्दीत, वाकडेतिकडे काढलेले बघावेत. पाण्यात उभ्या असलेल्या माणसांच्या पायांकडे नजर ठेवली की खोली कळते.

सपाट किनाऱ्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती भरती-ओहोटीत दिसते. पाण्याची पातळी २ मीटर उतरली तर पन्नासास एक अशा उतारावर समुद्र १०० मीटर मागे जातो, आणि ४ मीटर उतरली तर २००. ऐन ओहोटीला पोहोचलं तर कडेवर मूल, खांद्यावर पिशव्या आणि समोर वाळवंट अशी अवस्था होते. ऐन भरतीला पोहोचलं तर पुळण गायब, आणि पाणी दगडी बंधाऱ्याला किंवा झाडांच्या मुळांना लागलेलं. म्हणून किनाऱ्याइतकीच वेळही निवडावी लागते. एकच पुळण सकाळी आठला अंगण असते आणि दुपारी दोनला धोक्याची जागा होते.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे रोजची वेळ ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. काही किनाऱ्यांवर दिवसात एकच भरती असते, तेव्हा जवळच्या बंदराचं त्या तारखेचं वेळापत्रक बघणं सगळ्यात बरं. या हिशेबातून सुट्टीच्या बेताला उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. या रविवारी सकाळी साडेआठला ऐन ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच सुमाराला जवळपास भरती असते, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा ओहोटी. एक आठवडा पुढे ढकलल्याने सहल पार बदलून जाते ती अशी.

तिथीही बघावी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे त्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस, उधाण असतं. भरती जास्त वर चढते, ओहोटी जास्त खाली जाते, आणि तेवढ्याच वेळात जास्त पाणी हलायचं असल्याने ओढही वाढते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं चढत-उतरत नाही. लहान मुलांसाठी भांगाचे दिवस बरे.

सहा तासांत पाणी एकाच वेगाने चढत नाही. ढोबळ नियम बारा भागांचा आहे. एकूण चढावाचा पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा भरती-ओहोटीतला फरक ३ मीटर आहे. मग पहिल्या तासात पाणी जेमतेम २५ सेंटिमीटर चढतं, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ७५. सौम्य उतारावर ७५ सेंटिमीटर म्हणजे तासाला सदतीस-अडतीस मीटर पुढे येणारा समुद्र. कडेपासून वीस मीटरवर अंथरलेली चटई अर्ध्या तासात भिजते, आणि तिच्यावर झोपलेलं मूलही. अगदी सपाट पुळणीवर आणखी एक फसगत होते. वाळू कुठे उंच, कुठे सखल असते. चढतं पाणी आधी सखल भागातून मागच्या बाजूने शिरतं, आणि आपण समोर समुद्र बघत असताना पाठीमागे गुडघाभर पाण्याची पट्टी तयार होते. मुलांना घेऊन दूरच्या वाळूच्या उंचवट्यावर बसू नये ते याचसाठी.

यावरून निघणारी वेळ अशी: ऐन ओहोटीच्या दोन तास आधी पोहोचायचं आणि ओहोटीनंतर तासाभरात आवरायचं. पोहोचता तेव्हा पाणी पार मागे गेलेलं नसतं आणि मागे घट्ट ओली वाळू उघडी पडत असते. सखल जागी घोटाभर पाण्याची डबकी उरतात, ती उन्हाने कोमट होतात, आणि त्यांत लाट नसते. लहान मुलांसाठी अख्ख्या समुद्रापेक्षा हीच डबकी मोलाची. मोठ्या माणसाने एकदा त्यांत चालून बघावं, कारण एखादं गुडघ्याहून खोल निघतं. पाणी वळून चढायला लागतं तेव्हा पहिला तास मंद असतो आणि सामान उचलायला सवड मिळते. चटई अंथरताना वाळूवर वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची आणि कचऱ्याची रेघ शोधा. शेवटची भरती तिथवर आली होती. बसायचं त्या रेघेच्या वर.

लाटांबद्दल एक सवय लावून घेण्यासारखी आहे. पोहोचल्यावर मुलाला खाली ठेवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं समुद्राकडे बघत उभं राहायचं. लाटा झुंडीने येतात. पाच-सहा मिनिटं सगळं सौम्य दिसतं आणि मग तीन-चार मोठ्या लाटा लागोपाठ येऊन नेहमीच्या कडेपेक्षा बरंच वर चढतात. त्या कुठवर आल्या ते बघितल्याशिवाय खेळायची जागा ठरवू नये. हवामानाच्या अॅपमध्ये लाटेची उंची अर्ध्या मीटरच्या आत असेल तर उत्तम. त्याच्या शेजारी लिहिलेला दोन लाटांमधला वेळही वाचावा. तो बारा सेकंदांच्या पुढे असेल तर लाट दूरच्या वादळातून आलेली असते, आणि उंची कमी वाटली तरी तिच्यात जोर जास्त असतो.

आता पालक हमखास चुकतात ती जागा. समोर सगळीकडे लाटा फुटताहेत, पण मधे एक पट्टा शांत, जरा गडद, लाटा न फुटणारा दिसतो. कुणालाही वाटेल की मुलाला तिथे न्यावं. नेमका तोच पट्टा टाळायचा. किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूत खोदल्या गेलेल्या खोलगट वाटेने समुद्रात जातं. तिथे खोली जास्त, म्हणून लाट फुटत नाही, म्हणून ते शांत दिसतं. या परतीच्या प्रवाहाचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरपासून कधी कधी दोन मीटरच्याही पुढे जातो, आणि त्याच्यापुढे पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. गढूळ पाणी किंवा फेसाचे पुंजके समुद्राच्या दिशेने जाताना दिसले तर तीच खूण. धक्के, दगडी बंधारे आणि खडकांच्या कडेला असे प्रवाह कायमचे असतात. नदी-खाडीच्या मुखापासूनही लांब राहावं. ओहोटीला तिथली ओढ भलतीच असते, तळ रोज बदलतो, गाळात पाय रुततो. मोठा पाऊस झाला की जमिनीवरची सगळी घाण तिथून समुद्रात येते. लहान मुलं हमखास पाणी गिळतात, त्यामुळे जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस पाण्यात उतरण्याचा बेत ठेवू नये.

वाऱ्याचा विचार फार कमी लोक करतात. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर कडेचं पाणी आरशासारखं सपाट होतं आणि फसवं सुरक्षित वाटतं. त्या वाऱ्यावर हवेने फुगवलेली चकती, गादी किंवा खेळण्यातली होडी काही क्षणांत हाताबाहेर जाते, आणि तिच्यावर मूल बसलेलं असू शकतं. दंडाला लावायचे फुगे आणि कमरेची चकती ही खेळणी आहेत. ती बुडण्यापासून वाचवतात असं समजून कुणी दोन पावलं मागे सरकलं, तर ती नसलेलीच बरी. उलट दिशेचा, समुद्राकडून येणारा वारा दिवस चढला की बहुतेक किनाऱ्यांवर सुटतो, कारण जमीन पाण्याआधी तापते. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेग गेला की कोरडी वाळू उडायला लागते, आणि ती जमिनीलगत उडते. आपल्याला ती पोटरीवर टोचते, बसलेल्या मुलाच्या डोळ्यांत जाते. डोंगराच्या सोंडेआड वसलेला, वाऱ्याच्या दिशेला पाठ केलेला लहानसा उपसागरी किनारा मोकळ्या लांब पुळणीपेक्षा नेहमी सोयीचा. डोळ्यांत वाळू गेलीच तर चोळू द्यायचं नाही, स्वच्छ पाण्याची बारीक धार सोडायची. त्यासाठी पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त तीन-चार लिटर गोडं पाणी गाडीत असावं.

किनाऱ्याच्या दर्जाची पाटी म्हणून ‘ब्लू फ्लॅग’ हे नाव बऱ्याच जणांना माहीत असतं. ही योजना १९८५ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाली, १९८७ पासून इतर देशांत गेली, आणि तिचे निकष तेहतीस आहेत. पाण्याची नियमित तपासणी, स्वच्छतागृहं, जीवरक्षक किंवा जीवरक्षणाची साधनं, कचऱ्याची व्यवस्था अशा गोष्टी त्यात येतात. लहान मुलांच्या पालकांना याचा उपयोग खराच, कारण स्वच्छ पाणी आणि जवळचं स्वच्छतागृह या दोन्हींची हमी दुसरीकडे क्वचित मिळते. पण तो झेंडा उताराबद्दल काही सांगत नाही, आणि आज सकाळी लाट कशी आहे याबद्दल तर नाहीच.

त्यासाठी रोजचे झेंडे असतात. वर लाल, खाली पिवळा असे दोन झेंडे रोवलेले असतील तर त्यांच्यामधल्या पट्ट्यावर जीवरक्षकांची नजर आहे, आणि मुलांनी पाण्यात पाय भिजवायचे ते त्याच पट्ट्यात. एकटा लाल झेंडा म्हणजे मोठा धोका, दोन लाल म्हणजे पाणी बंद. जांभळा झेंडा डंख करणाऱ्या समुद्री जिवांची सूचना देतो. नारिंगी वाऱ्याची पिशवी फडकत असेल तर हवा भरलेली खेळणी पाण्यात न्यायची नाहीत. ठिकाणाप्रमाणे थोडे फरक असतात, म्हणून प्रवेशाजवळचा फलक वाचावाच. जीवरक्षकांची वेळही त्यावर असते. ती संपल्यावर झेंडे काढले जातात, गर्दी मात्र तशीच असते, आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

सोयींबद्दल थोडक्यात. गाडीपासून बसायच्या जागेपर्यंत दीड-दोनशे मीटरच्या वर चालणं असेल तर तो किनारा मुलाच्या वयाला अजून चार वर्षं जोडून मग बघावा. वाटेत पायऱ्या किती, दगड किती, हे विचारून घ्यावं. बाबागाडी कोरड्या वाळूतून ढकलत नेता येत नाही, पुढची चाकं रुततात. उलटी फिरवून मागे ओढली तर जाते. पुळणीवर गाड्या किंवा घोडे फिरतात का, याची चौकशी करावी, कारण बसकण मारून खेळणारं मूल चालकाला दिसत नाही. स्वच्छतागृह नसलेला किनारा मोठ्यांना चालतो, डायपर बदलणाऱ्याला नाही. साधा डायपर पाण्यात शोषून शोषून गोणीसारखा फुगतो आणि लोंबतो. पाण्याचा डायपर शी काही प्रमाणात अडवतो, शू अजिबात नाही, म्हणून तो पाण्यात जाण्याच्या अगदी आधी चढवायचा. असे तीन सोबत घ्यावेत. बदलायचे ते पाण्यापासून लांब, आणि वापरलेले घट्ट बांधून परत न्यायचे.

ऊन हा वेगळाच विषय आहे. सकाळी दहा ते दुपारी चार हा वेळ शक्यतो टाळावा. अंगाची सावली अंगापेक्षा आखूड झाली की अतिनील किरण तीव्र आहेत, एवढी एक खूण घड्याळाशिवाय पुरते. छत्रीखाली बसलं म्हणजे सुटलो असं होत नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, आणि मूल जमिनीलगत असल्याने ते खालून त्याच्यापर्यंत पोहोचतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात नेऊच नये. त्याहून मोठ्यांना पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख आणि मान झाकणारी टोपी आधी, सनस्क्रीन उरलेल्या उघड्या भागावर. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, घरून निघतानाच नव्हे तर उन्हात उतरण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. लोक ते फार कमी लावतात. दोन वर्षांच्या मुलाच्या सगळ्या अंगाला लावायचं तर दोन छोटे चमचे भरून लागतं. पोशाख अंगभर असेल तर एवढं लागत नाही, आणि रडारडही निम्मी होते.

तापलेली कोरडी वाळू दुपारी ५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. आपल्या चपलांना ते कळत नाही. हाताची पालथी बाजू वाळूवर पाच सेकंद ठेवून बघावी. ठेववत नसेल तर मुलाला तिथून चालवू नये. उलट टोकाची चूक म्हणजे थंडी विसरणं. पाणी सारख्याच तापमानाच्या हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं, आणि लहान अंग लवकर गार पडतं. ओठ निळसर झाले, मूल एकदम गप्प झालं किंवा कुडकुडायला लागलं की बाहेर काढायचं, ओले कपडे उतरवायचे, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळायचं. पाण्यात एका वेळी दहा-पंधरा मिनिटं भरपूर झाली.

खेळाच्या जागेची पाहणी आधी पायाने करावी. काचा, गळाचे आकडे, जाळ्यांचे तुकडे, विझवलेल्या शेकोटीखालचे निखारे. वरून वाळू टाकलेले निखारे तासन् तास गरम राहतात आणि दिसत नाहीत. कडेला पडलेली जेलीफिश मेलेली असली तरी डंख करते. पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर नावाचा निळसर फुगा तर थेट खेळण्यासारखा दिसतो, मुलं धावत जाऊन उचलतात. डंख झालाच तर चोळू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत. व्हिनेगर काही जातींवर चालतं आणि काहींवर उलटतं, म्हणून तिथल्या जीवरक्षकाला विचारून मगच. श्वास लागला किंवा अंग सुजायला लागलं तर थेट दवाखाना.

खड्ड्यांबद्दल बोललंच पाहिजे, कारण तिकडे सगळे कौतुकाने बघतात. ओली वाळू भिंत धरून उभी राहते ती पाण्यामुळे. वाळत गेली की एका क्षणात ढासळते, आणि तिच्याखाली सापडलेल्याला हातांनी उकरून काढणं फार अवघड असतं. तिथल्या सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्याहून खोल खड्डा खणू नये, आणि निघताना तो बुजवावा. आडवी बोगद्यासारखी बिळं तर अजिबात नकोत.

लक्ष ठेवणं म्हणजे हात लांबवला की मूल पकडता येईल इतक्या अंतरावर असणं. चार मोठी माणसं सोबत असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून पाळी लावावी. दर पंधरा मिनिटांनी एकाने स्पष्ट शब्दांत ‘आता माझी पाळी’ म्हणायचं, आणि त्या वेळात त्याच्या हातात फोन नको. कपडे भडक नारिंगी, पोपटी किंवा गुलाबी घालावेत. निळे, पांढरे, राखाडी रंग पाण्यात आणि फेसात मिसळून जातात. सकाळी त्याच कपड्यांतला एक फोटो काढून ठेवावा आणि मनगटाच्या पट्टीवर फोन नंबर लिहावा. मूल दिसेनासं झालं तर पहिली नजर पाण्याकडे, मग पुळणीकडे, आणि जीवरक्षकाला लगेच सांगायचं. सामानामागे किंवा गाडीत शोधून मग पाण्याकडे वळणं हा उलटा क्रम आहे.

इतकी तयारी करूनही मूल समुद्र बघून रडू शकतं. त्याच्या कानाला तो आवाज प्रचंड असतो आणि पायाखालून वाळू सरकणं ही त्याच्यासाठी अनोळखी गोष्ट असते. उचलून लाटेत उभं करू नये. पाण्यापासून दहा-पंधरा पावलांवर ओल्या वाळूत उथळ खळगा करावा, त्यात दोन बादल्या समुद्राचं पाणी ओतावं आणि त्याला तिथे खेळू द्यावं. बहुतेक मुलं हळूहळू आपणहून कडेकडे सरकतात. नाही सरकली तरी बिघडत नाही. चिमूटभर वाळू तोंडात गेली तरी काळजीचं कारण नाही, मूठभर खात असेल तर मात्र थांबवावं. दोन-अडीच तासांत झोप आणि भूक एकदम येतात. त्याच्या आधी आवरायला घ्यावं.

आवरण्याची वेळही सांभाळायची असते, कारण सगळे सामानावर वाकलेले असताना मूल निसटतं. एकाने मूल घ्यायचं, बाकीच्यांनी सामान. वाळू ओली असताना पुसू नये, ती कातडीवर घासली जाते. ती सुकू द्यावी, मग नुसत्या हाताने झटकली की पडते. जांघा आणि काखा गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या कराव्यात, नाहीतर मीठ आणि वाळूने रात्रीपर्यंत लाल होतात. दिवसभरात पाणी नाकातोंडात जाऊन मुलाला ठसका लागला असेल तर पुढचे काही तास लक्ष ठेवा. खोकला थांबत नसेल, श्वास भराभर चालत असेल किंवा मूल नेहमीपेक्षा फार मलूल आणि झोपाळू वाटत असेल, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे न्यावं आणि समुद्राचं पाणी नाकातोंडात गेल्याचं त्यांना आधी सांगावं.